एक तारखेचे पॉइंट

सांगलीतल्या एका पुस्तकांच्या दुकानाची वेबसाइट मी गेली काही वर्षं सांभाळते. दुकान जुनं आहे. पुढे विक्री आणि मागच्या खोलीत वर्गणीवर चालणारं वाचनालय, अशी त्याची मूळची रचना. शाळेत असताना मी तिथली सभासद होते. 2020च्या टाळेबंदीत वाचनालयाची देवघेव थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. मालकांना मी लहानपणापासून काका म्हणते. वाचनालय गेलं तरी सभासद तुटू नयेत, म्हणून त्यांनी त्याच वर्षी वेबसाइटवर नवी सभासद योजना आणली. तीन वर्ग, प्रत्येकाची वार्षिक वर्गणी वेगळी आणि प्रत्येकाला दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेले पॉइंट. क वर्गाला 20, ब वर्गाला 60, अ वर्गाला 175. पुस्तक घेताना एक पॉइंट म्हणजे एक रुपया.

योजना सांगायला एवढी वाक्यं पुरतात. ती चालवताना मात्र मला दुकानाचा हिशेब, बँकांचे नियम, कॅलेंडर आणि वाचकांचे स्वभाव या सगळ्यांत शिरावं लागलं, आणि या कामाबद्दल माझी काही मतं पक्की झाली.

वर्गांना सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं द्या, असा सल्ला काकांना कोणीतरी दिला होता. त्यांनी तो मानला नाही. वाचनालयात अ वर्गाला एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक मिळायचं, ब वर्गाला एक पुस्तक आणि एक मासिक, क वर्गाला एक पुस्तक. सभासदांना आपला वर्ग तोंडपाठ होता. तोच पुढे चालवायचा, असं त्यांनी ठरवलं. माझं काम त्यामुळे सोपं झालं, कारण वर्गामागे काय द्यायचं असतं याची कल्पना लोकांच्या मनात आधीच तयार होती. जास्त वर्गणी भरणाऱ्याला जास्त मिळणार यात कोणाला काही खटकत नव्हतं. कबूल केलेलं ठरल्या दिवशी मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नोंदींचा आग्रहही काकांचाच, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट 2019च्या महापुरात कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. मारुती चौक, हरभट रोड, सगळी बाजारपेठ पाण्याखाली होती. दुकानातली पुस्तकं गेली आणि वाचनालयाची सगळी रजिस्टरंही गेली. कोणाची किती अनामत जमा आहे, कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, याचा कागद उरला नाही. पाणी ओसरल्यावर सभासद स्वतः आले, आपल्याकडची पुस्तकं परत करून गेले आणि अनामतीचा आकडा तोंडी सांगून गेले. काकांनी तो तसाच मान्य केला. पण नंतर ते मला म्हणाले, "लोक चांगले म्हणून निभावलं. दर वेळी लोकांच्या चांगुलपणावर दुकान कसं चालवायचं?" नव्या योजनेत प्रत्येक पॉइंट कधी, का आणि कोणाला दिला हे कायम सापडलं पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची होती. वेबसाइटवर येणाऱ्याला पॉइंट देणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. लॉगिन केलं की पाच, सलग सात दिवस आलात की पन्नास. काकांना ते नको होतं. सभासदाने वर्षाची वर्गणी भरली आहे, तो महिनाभर साइटवर फिरकला नाही तरी त्याचे पॉइंट जमा झालेच पाहिजेत, असं ते म्हणाले. वाचनालयात एखादा सभासद महिनाभर आला नाही म्हणून त्याचं सभासदत्व कमी होत नसे. मला हे मनापासून पटलं. हजेरीवर पॉइंट देणं म्हणजे माणसाला बोलावत राहणं. वर्गावर पॉइंट देणं म्हणजे आपण जे कबूल केलंय ते देणं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की सभासदाला नेमकं कशाचं काय मिळतंय ते कळेनासं होतं.

नेहमीच्या ग्राहकाला पॉइंट देण्याची कल्पना मोठ्या उद्योगांत रुजली ती विमान कंपन्यांमुळे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981ला नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजायची योजना सुरू केली, पाठोपाठ इतर कंपन्यांनीही केली आणि पुढे त्यांत प्रवाशांच्या श्रेणी आल्या. तिथे पॉइंट प्रवासावर मिळतात. आमच्याकडे ते काळावर मिळतात, महिना सरला की. सगळी गुंतागुंत या फरकातून येते. खरेदीवर पॉइंट द्यायचे असले तर खरेदी हीच घटना असते, तिच्याबरोबर नोंद होऊन जाते. महिना सरणं ही घटना कोणी घडवत नाही. ती ओळखायचं काम वेबसाइटला स्वतः करावं लागतं.

त्याआधी पैशांचं बोलायला हवं, कारण कोडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी आम्ही कागदावर बरीच बेरीज-वजाबाकी केली. वर्गणी ठरली ती अशी: क वर्ग 240 रुपये, ब वर्ग 600, अ वर्ग 1500. वर्षाचे पॉइंट अनुक्रमे 240, 720 आणि 2100. सगळे पॉइंट एका बिलात वळते करता आले असते तर दुकानाचं कंबरडं मोडलं असतं, कारण पुस्तकविक्रेत्याच्या हाती प्रकाशकाने दिलेलं कमिशन तेवढं उरतं आणि त्यातूनच भाडं, वीज, पगार निघतात. म्हणून बिलाच्या 20 टक्क्यांपर्यंतच पॉइंट वापरता येतील, अशी मर्यादा घातली. अ वर्गाच्या सभासदाला 2100 पॉइंट संपवायला 10,500 रुपयांची पुस्तकं घ्यावी लागतात. त्यासाठी तो 8,400 रुपये रोख देतो आणि 1500 वर्गणी, म्हणजे एकूण 9,900. त्याची बचत 600 रुपये. ब वर्गाची बचत याच हिशेबाने 120 रुपये. क वर्गाची शून्य. त्याने भरलेले 240 त्याला पॉइंटांच्या रूपात परत मिळतात, वर एक पैसा नाही.

हे शून्य मी काकांपुढे ठेवलं. क वर्गात बहुतेक निवृत्त माणसं आणि विद्यार्थी आहेत. त्यांना आपल्याला काहीतरी जास्त मिळतंय असं भासवणं मला मान्य नव्हतं. काकांनी क्षणभरही घासाघीस केली नाही. क वर्गाला गावात घरपोच पुस्तक फुकट द्यायचं ठरलं, आणि वेबसाइटच्या पानावर स्वच्छ लिहिलं गेलं की या वर्गात पैशांची बचत नाही, वर्गणीइतकेच पॉइंट मिळतात आणि पुस्तक घरी येतं. हे वाक्य लिहिल्यावर क वर्गातून कोणी निघून गेलं नाही. मला वाटतं, लोकांना हिशेब समजतो आणि तो आपण समजावून सांगावा अशी त्यांची अपेक्षा असते. पॉइंटांच्या योजनांमध्ये हिशेब झाकायची जी पद्धत पडली आहे ती मला अपमानास्पद वाटते, सभासदाच्या दृष्टीने आणि दुकानदाराच्याही.

मग तारखेचा प्रश्न. दोन मार्ग होते. ज्याने ज्या तारखेला वर्गणी भरली त्या तारखेला दर महिन्याला त्याचे पॉइंट, किंवा सगळ्यांचे एक तारखेला. पहिला मार्ग वरवर न्याय्य वाटतो, पण 31 तारखेला सभासद झालेल्याचं काय? 31 जानेवारी 2023 या तारखेत एक महिना मिळवायला पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेला सांगितलं तर उत्तर येतं 3 मार्च. फेब्रुवारी गायब. तेच मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारलं तर तो 28 फेब्रुवारी सांगतो. एकाच वेबसाइटमध्ये शेजारी शेजारी राहणारी ही दोन साधनं, आणि एक महिना म्हणजे काय यावर त्यांचं एकमत नाही. 28 फेब्रुवारी धरली आणि पुढचा महिना तिच्यापासून मोजला तर 28 मार्च येतो, म्हणजे माणसाची 31 तारीख कायमची हरवते. मूळ तारखेपासूनच दर वेळी मोजणं हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो करता येतो.

पण एक तारखेच्या बाजूने एक सुंदर गोष्ट निघाली. कोणत्याही दिवशी सुरू होणाऱ्या पूर्ण वर्षात एक तारखा बरोबर 12 येतात. 28 जूनला सभासद झालेल्याला 1 जुलै ते पुढच्या 1 जूनपर्यंत 12. 1 जूनला झालेल्याला त्याच दिवशीची धरून 1 मेपर्यंत 12. कमी नाही, जास्त नाही. म्हणजे वर्षाची बेरीज आपोआप जुळते, अर्धा महिना, पाव महिना असं काही उरत नाही. काकांना एक तारीख आवडली ती पगाराची तारीख म्हणून. मला आवडली ती या बारामुळे.

वर्ग बदलण्याचाही निकाल त्यातून लागला. वर्षाच्या मध्येच ब वर्गातून अ वर्गात जायचं असेल तर किती पैसे घ्यायचे? उरलेल्या एक तारखा मोजायच्या. दोन वर्गांच्या वर्गणीत फरक 900 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 75. सात एक तारखा उरल्या असतील तर 525 रुपये घ्यायचे आणि पुढच्या एक तारखेपासून 60 ऐवजी 175 पॉइंट द्यायचे. चालू महिन्याचे झाले ते झाले. हे सूत्र फोनवर कोणालाही समजावता येतं, आणि सभासद स्वतः बोटांवर मोजून पडताळू शकतो. नियम ठरवताना मी ही कसोटी लावते. जो नियम काउंटरवरच्या मुलीला फोनवर सांगता येत नाही, तो कोडमध्ये कितीही नेटका दिसला तरी मी घेत नाही.

एक तारीख उजाडली हे वेबसाइटला कळतं कसं, हा पुढचा भाग. दुकानाची साइट वर्डप्रेसवर आहे, विक्रीसाठी वूकॉमर्स. वर्डप्रेसमध्ये ठरावीक वेळी कामं करायची सोय असते, तिला डब्ल्यूपी-क्रॉन म्हणतात. नाव क्रॉन असलं तरी ते घड्याळ नाही. कोणीतरी साइटवर आलं की ते जागं होतं, काही काम बाकी आहे का बघतं आणि असेल तर करतं. रात्रभर कोणी आलंच नाही तर रात्रभर काही होत नाही. शिवाय पानं कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून, दाखवली जात असतील तर माणूस आला तरी वर्डप्रेसपर्यंत हाक पोचतेच असं नाही. गजबजलेल्या साइटला हे जाणवत नाही. तालुक्या-जिल्ह्यातल्या पुस्तकांच्या दुकानाला जाणवतं. काकांची अट आठवा: सभासद आला नाही तरी त्याला पॉइंट मिळाले पाहिजेत. मग ते देण्याची क्रियाच कोणाच्या येण्यावर अवलंबून कशी चालेल? म्हणून वर्डप्रेसचं ते स्वतः जागं होणं बंद केलं आणि सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनकडे काम सोपवलं. तो कोणी येवो न येवो, वेळ झाली की हाक मारतो.

वेळही विचार करून ठरवली. वर्डप्रेस आतून यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरतं, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सांगलीत एक तारखेची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलीच तारीख असते. मध्यरात्री काम चालवलं आणि कोडमध्ये एका जागी जरी वेळ चुकीच्या घड्याळाची घेतली गेली, तर जुलैचे पॉइंट जूनच्या नावावर पडायचे. म्हणून आम्ही सकाळी नऊची वेळ ठेवली. तेव्हा दोन्ही घड्याळांत तारीख एकच असते, आणि काही अडलं तर मी जागी असते. मध्यरात्री बाराचा हट्ट बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याने सभासदाला काहीच जास्त मिळत नाही.

आता सगळ्यात नाजूक जागा. काम अर्ध्यावर तुटलं तर? होस्टिंगवाले ठरावीक वेळेनंतर काम थांबवतात, कधी डेटाबेस प्रतिसाद देत नाही, कधी सर्व्हरच बंद पडतो. समजा यादीतल्या निम्म्या सभासदांना पॉइंट मिळाले आणि निम्म्यांना नाही. पुन्हा चालवलं तर पहिल्यांना दुप्पट मिळायची भीती, नाही चालवलं तर उरलेले उपाशी. यावर उपाय असा की प्रत्येक नोंदीला सभासद क्रमांक आणि महिना यांची जोडी द्यायची, आणि ती जोडी दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसनेच ती नाकारायची. माझ्या कोडने तपासायचं नाही, कारण दोन कामं एकाच क्षणी चालली तर दोघांनाही तपासताना जागा रिकामी दिसू शकते. डेटाबेसचा यूनिक इंडेक्स त्यातून सुटका करतो. मग काम कितीही वेळा चालवा, जूनचे पॉइंट एकदाच पडतात. हे झाल्यावर पुन्हा चालवण्याची भीतीच उरत नाही. नऊ वाजता एकदा आणि खबरदारी म्हणून दुपारी पुन्हा, असं ते दोनदा चालतं. दुपारच्या फेरीला बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं.

नोंदी कशा ठेवायच्या यावर काकांचं आणि माझं फार लवकर जुळलं. सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक सभासदापुढे एक आकडा ठेवायचा आणि तो वाढवत-कमी करत जायचा. त्यात आजची शिल्लक दिसते, ती कशी झाली ते दिसत नाही. काकांच्या दुकानात रोजमेळ आणि खतावणी वर्षानुवर्षं हाताने लिहिली गेली आहे. त्यांनी मला विचारलं, "यात खाडाखोड करता येते का?" मी म्हटलं, "करता येते, पण आपण करू देणार नाही." प्रत्येक जमा आणि प्रत्येक नावे ही स्वतंत्र ओळ, तारखेसह, कारणासह. चूक दुरुस्त करायची तर उलट नोंद टाकायची, जुनी ओळ पुसायची नाही. शिल्लक म्हणजे या ओळींची बेरीज. मायक्रेड, गेमीप्रेस अशी तयार प्लगइन पॉइंटांसाठी मिळतात आणि ती चांगली आहेत, पण आमचे वर्ग, बारा एक तारखा आणि पुढे सांगते तो गठ्ठ्यांचा हिशेब यांसाठी मी वेगळं छोटं प्लगइन लिहिलं. या सगळ्या नोंदींची प्रत रोज रात्री सांगलीबाहेरच्या सर्व्हरवर जाते. पुराच्या गावात याचं महत्त्व कोणाला समजवावं लागत नाही.

सभासद कोण, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. वर्गणी भरली तो सभासद, इतकं ते सोपं नसतं. 1 ऑक्टोबर 2021पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि अशा वसुलीसाठी त्याची परवानगी नव्या पद्धतीने नोंदवून घ्यायची. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे आणि मला तो योग्यच वाटतो. पण त्या ऑक्टोबरमध्ये देशभरातल्या असंख्य वर्गण्यांचं आपोआप होणारं नूतनीकरण अडलं, आमच्या सभासदांचंही. त्यांना पत्ताच नव्हता. गेल्या वर्षी कार्ड दिलं होतं, यंदाही पैसे गेलेच असतील, असं ते धरून चालले होते. वेबसाइटच्या लेखी मात्र त्यांचं सभासदत्व संपलं होतं आणि नोव्हेंबरची एक तारीख जवळ येत होती.

इथे कठोर नियम लावणं सोपं होतं. काकांनी 15 दिवसांची सवड द्यायला सांगितलं. सवडीच्या दिवसांत एक तारीख आली तर त्या महिन्याचे पॉइंट राखीव म्हणून लिहायचे, दिसू द्यायचे पण वापरू द्यायचे नाहीत. वर्गणी आली की ते जमा करायचे, आणि नवं वर्ष जुनं संपलं त्या दिवसापासूनच धरायचं, म्हणजे बारा एक तारखांचा हिशेब मोडत नाही. पुढे बऱ्याच सभासदांनी यूपीआय ऑटोपे घेतलं. तरी आजही वयस्कर सभासदांपैकी पुष्कळजण दुकानात येऊन रोख देतात, पावती घेतात, दोन पुस्तकं चाळतात आणि जातात. त्यांचं सभासदत्व काउंटरवरच्या मुलीने नोंद केली तरच साइटला कळतं. म्हणून दर महिन्याच्या 28 तारखेला तिच्यासमोर एक यादी येते: या लोकांची मुदत संपतेय किंवा संपलीय, पावतीपुस्तकाशी ताडून पाहा. या यादीतून एकही सभासद सुटला नाही तरच एक तारखेचं काम खरं. तंत्रज्ञानाचा भाग मी कितीही पक्का केला तरी योजनेचा कणा ही यादी आहे, असं मी मानते.

पॉइंट देण्याइतकंच ते संपणंही नीट ठरवायला हवं होतं. मुदत नको असं मला आधी वाटत होतं. दुकानाच्या सीए बाईंनी समजावलं की न वापरलेला प्रत्येक पॉइंट हे दुकानाचं देणं आहे. मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2018पासून लागू झालेल्या इंड एएस 115 या लेखामानकानुसार विक्रीतला तेवढा भाग उत्पन्न म्हणून लगेच दाखवता येत नाही, पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवावा लागतो. आमचं दुकान त्या मानकात बसत नाही, पण तत्त्व तेच. न संपणारं देणं वर्षानुवर्षं साचत गेलं तर एखाद्या दिवाळीत सगळे एकदम वापरायला येतील आणि दुकान अडचणीत येईल. म्हणून प्रत्येक महिन्याच्या पॉइंटांना 12 महिन्यांची मुदत दिली. 1 जून 2022चे पॉइंट 31 मे 2023पर्यंत.

त्यामुळे पॉइंटांची एकच रास न राहता महिन्यामहिन्याचे गठ्ठे झाले, प्रत्येकाची मुदत वेगळी. वापरताना सगळ्यात जुना गठ्ठा आधी. ब वर्गाच्या सभासदाकडे जूनचे 60 आणि जुलैचे 60 आहेत, त्याने 80 वापरले, तर जूनचे संपले आणि जुलैचे 40 उरले. इथवर ठीक. पण पुस्तकांच्या धंद्यात मागणी नोंदवल्यावर प्रकाशकाकडून निरोप येतो की आवृत्ती संपली. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. मग पैसे परत आणि पॉइंटही परत. ते कुठे परत जायचे? 80चा नवा गठ्ठा केला तर सभासदाला नवी वर्षभराची मुदत मिळते, आणि तसं मुद्दाम करत राहणाराही कोणी निघू शकतो. जुन्या गठ्ठ्यांत परत टाकले, 60 जूनमध्ये आणि 20 जुलैमध्ये, तर हिशेब बरोबर. पण प्रकाशकाच्या उत्तराची वाट बघण्यात जूनच्या गठ्ठ्याची मुदत उलटून गेली असेल तर? परत आलेले पॉइंट त्याच क्षणी मरतील. पुस्तक मिळालं नाही यात सभासदाचा काही दोष नाही. तिथे परत आल्यापासून 30 दिवसांची मुदत द्यायची असं ठरवलं. या एका नियमासाठी मला प्रत्येक खर्चाच्या ओळीबरोबर तो कोणकोणत्या गठ्ठ्यांतून झाला याची नोंद ठेवावी लागली. तो खटाटोप मी आनंदाने केला.

याच सुमारास एका जाहिरात संस्थेचे लोक दुकानात आले होते. त्यांचं म्हणणं असं की मुदत संपण्याआधी सभासदांना कळवू नका, न वापरलेले पॉइंट हाच योजनेचा नफा. असा विचार या धंद्यात सर्रास चालतो, त्याला तांत्रिक नावही आहे. काकांनी चहा पाजून त्यांना निरोप दिला. मला त्या दिवशी काकांबद्दल आणि माझ्या कामाबद्दल अभिमान वाटला. मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी आणि पुन्हा सात दिवस आधी सभासदाला एसएमएस जातो. दर एक तारखेला जमा झाल्याचाही जातो.

हे एसएमएस मराठीत जातात, आणि त्याची किंमत मोजावी लागते. इंग्रजी एसएमएसमध्ये एका तुकड्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. वर मजकुराचा नमुना डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात बदल केला की पुन्हा नोंदणी. तरी मराठी पुस्तकांच्या दुकानाने मराठी वाचकाला इंग्रजीत कळवावं हे आम्हाला दोघांनाही पटेना. दुकानाचं नाव, महिना, जमा आणि शिल्लक, एवढंच ठेवून मजकूर एका तुकड्यात बसवला.

एसएमएस सुरू झाल्यावर फोन कमी होतील असं वाटलं होतं, ते वाढले. मला ते आवडलं. तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी फोन करून सांगितलं की त्यांच्या वहीप्रमाणे शिल्लक 20ने जास्त हवी. ते क वर्गात आहेत आणि दर एक तारखेला वहीत लिहितात. मी त्यांच्या नोंदी उघडल्या आणि एकेक ओळ वाचून दाखवली. मार्चमध्ये त्यांच्या सुनेने त्यांच्या खात्यातून बालसाहित्य मागवलं होतं, 100 रुपयांच्या पुस्तकावर 20 पॉइंट वापरले होते. ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की नातवाच्या हातात ते पाहिलंय. वहीत ओळ लिहून घेतली आणि मग बराच वेळ ते त्या पुस्तकातल्या चित्रांबद्दल बोलत होते. ओळींऐवजी नुसता आकडा ठेवला असता तर मला त्यांना "सिस्टीममध्ये असंच दिसतंय" एवढंच सांगता आलं असतं. हे वाक्य मी बँकांत आणि कचेऱ्यांत पुष्कळदा ऐकलंय, आणि माझ्या साइटबद्दल ते कोणावर ऐकायची वेळ येऊ नये असं मला तीव्रतेने वाटतं.

परदेशातून भेट दिलेल्या सभासदत्वांनी आणखी एक नियम करायला लावला. न्यू जर्सीतल्या एका मुलाने मिरजेच्या आईवडिलांसाठी अ वर्गाची वर्गणी भरली. पैसे त्याचे, मागणी त्याच्या खात्यातून. मग पॉइंट कोणाचे? वूकॉमर्सच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे पैसे भरणारा. आम्ही वाचणाऱ्याला सभासद मानलं, पॉइंट आईच्या खात्यात आणि एसएमएसही आईला. मुलाला फक्त वर्षाअखेरीस नूतनीकरणाची आठवण जाते. त्याला हवं तर तो तिच्या खात्याची शिल्लक पाहू शकतो, पण तिने परवानगी दिली तरच. आपल्याकडे सकाळी नऊ वाजता पॉइंट पडतात तेव्हा त्याच्याकडे आदली रात्र असते, उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. एक तारीख कोणाची धरायची, असं त्याने विचारलं होतं. सांगलीची.

आता काकांना दिवाळीला जास्तीचे पॉइंट द्यायचे आहेत. 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाची दिवाळी अंकांशिवाय होत नाही, आणि दुकानाचा वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम तोच. वर्गानुसार 50, 100 आणि 200, लक्ष्मीपूजनाच्या 15 दिवस आधी जमा, म्हणजे अंक घेताना वापरता येतील. हेही दरवर्षी येणारंच, पण याला एक तारीख नाही. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. महिन्याऐवजी वर्षाची जोडी घातली की दुबार नोंदीचा प्रश्न सुटतो. तारीख मात्र कोणत्याही सूत्राने काढायची नाही असं आम्ही ठरवलं, कारण 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला की 1 नोव्हेंबरला यावर देशभर वाद झाला होता, आणि असा वाद कोड सोडवू शकत नाही. दर गुढीपाडव्याला काका पंचांग पाहून त्या वर्षाची तारीख साइटवर स्वतः भरतील. ती भरलेली नसेल तर गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरच्या मुलीच्या यादीत तशी सूचना रोज दिसत राहील. तारीख भरायचं ते पान मी या आठवड्यात करते आहे.